उभी केली तेव्हा चालू होती

जुनी पिकअप रोजच्या वापरासाठी विकत घेण्याचा निर्णय मनुष्य नेहमी काटकसर, साधेपणा आणि उपयुक्तता या तीन सद्गुणांच्या नावाने घेतो, आणि त्या तिन्हींचा पुढच्या घडामोडींशी फारसा संबंध राहत नाही, हे या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच गृहीत धरलेले बरे. पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच असा हौदा जोडून ती २८१ डॉलरांना विक्रीस काढली, तेव्हा शेतकऱ्याचा माल बाजारात पोचावा आणि रिकामी गाडी घरी परत यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. आजच्या धारकापाशी शेत नसते, माल नसतो आणि बाजार स्वतःच खोक्यात बसून त्याच्या दारी येतो. तरीही आपल्याला हौद्याची नितांत गरज आहे अशी त्याची एका विशिष्ट वयात, बहुधा चाळिशीनंतर, खात्री पटते.

या जमातीची दाट वस्ती पाहायची असेल तर अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरांत जावे. तेथील मोटार कंपन्यांत मराठी अभियंत्यांचीही चांगली संख्या असून, दिवसभर विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या संगणकप्रणालीतील दोष शोधणारा गृहस्थ संध्याकाळी शेव्हरोले ३१०० या पिकअपखाली उताणा पडून तोंडावर तेल झेलत असल्याचे दृश्य तिथे अगदीच दुर्मीळ नाही. १९४७ ते १९५५ या काळात निघालेली ही गाडी ‘अर्धा टन’ या वर्गात मोडते, म्हणजे साधारण तेवढे वजन तिने वाहावे असा बनवणाऱ्यांचा मूळ हिशेब होता. १९५१ सालच्या नमुन्यात सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेतीन लिटरचे आणि ९२ अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले असे. या अश्वांपैकी आज किती हयात आहेत, हे धारकाला कोणी विचारू नये.

धारकाची बाजू मांडायची तर आजच्या अवाढव्य पिकअपविषयीची त्याची तक्रार सर्वस्वी खोटी नाही, मात्र ती तो ज्या पद्धतीने मांडतो तिच्यामुळे त्याला जेवणाची आमंत्रणे कमी होत जातात. अमेरिकेत लहान पिकअप दुर्मीळ का झाल्या, याचे एक कारण खरोखर कोंबडीत दडलेले आहे. युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकन कोंबडीवर भारी जकात बसवली, म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये प्रत्युत्तरादाखल बटाट्याचे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर पंचवीस टक्के जकात लावली. कालांतराने बाकीच्या वस्तू सुटल्या आणि ट्रक तेवढे अडकून राहिले. हा इतिहास धारक कोणत्याही पंगतीत, वाढप चालू असतानाच, सुरू करतो.

“मग त्या चिकनचं पुढे काय झालं?” एखादा पाहुणा मध्येच विचारतो.

“ते महत्त्वाचं नाही. मुद्दा ट्रकचा आहे.”

“नाही, म्हणजे इकडच्या पातेल्यातलं. संपलं का?”

खरेदीचा टप्पा हा या सबंध व्यवहारातील सर्वांत सुखाचा काळ, कारण त्यात गाडी अजून दुसऱ्याची असते. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांनी एक स्वतंत्र परिभाषा विकसित केली असून तिच्यात ‘किरकोळ काम बाकी’ म्हणजे इंजिन बाहेर काढलेले आहे, ‘मूळ स्थितीतील’ म्हणजे हिच्यावर कोणीही कधीही खर्च केलेला नाही, आणि ‘भावनिक कारणास्तव विक्री’ म्हणजे विक्रेत्याच्या पत्नीच्या भावना अनावर झाल्या आहेत, असे समजावयाचे असते. या परिभाषेचा कळस म्हणजे ‘उभी केली तेव्हा चालू होती’ हे विधान. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही, कारण आपल्या पायांनी येऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक यंत्राविषयी ते सत्यच असते.

“कधी उभी केली होती?” धारक अदबीने विचारतो.

“वडील होते तेव्हा.”

“आणि वडील?”

“त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण गाडी त्यांनीच उभी केली होती, स्वतःच्या हातांनी.”

या ठिकाणी धारकाचे डोळे पाणावतात आणि किमतीची घासाघीस संपते. वास्तविक त्याच्या खिशात लोहचुंबक असतो. जुन्या गाडीचा पत्रा गंजून गेला की त्या जागी पुट्टी भरून वर रंग मारण्याची रीत असते. पत्र्याला चुंबक चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी गाडीच्या अंगावरून चुंबक फिरवून पाहावा असे जाणते लोक सांगतात. धारक तो फिरवतोही. दारांच्या खालच्या कडांवर आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांवर चुंबक टपाटप खाली पडत जातो, आणि प्रत्येक वेळी धारक तो उचलून जरा वरच्या बाजूला लावून पाहतो, जिथे तो चिकटतो, आणि समाधानाने मान डोलावतो. परीक्षा पूर्ण होते. गाडी टोचन करून घरी येते, आणि रोजच्या वापराच्या वाहनाचे पहिले आगमन दुसऱ्या वाहनाच्या पाठीमागून झाले, याचा वाईट अर्थ काढणारे लोक संकुचित मनाचे असतात, असे धारकाचे मत बनते.

आता चालवण्याविषयी. १९५१ च्या शेव्हरोलेत किल्ली फिरवल्याने इंजिन सुरू होत नाही. त्यासाठी अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी जमिनीतून वर आलेला स्टार्टरचा खटका पायाने दाबावा लागतो. थंडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त जावे म्हणून चोक नावाची मूठ हाताने ओढून धरावी लागते, क्लच दाबलेला ठेवावा लागतो, आणि खटका व अ‍ॅक्सिलरेटर एकाच पायाच्या टाचेने व चवड्याने सांभाळावे लागतात. जमीन उताराची असेल तर ब्रेकसाठी आणखी एका पायाची आवश्यकता भासते, आणि ही उणीव निसर्गाने अद्याप भरून काढलेली नाही. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या दांड्यावर बसवलेला असून पुढचे गिअर तीन असतात. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे फिरत्या चक्रांचा वेग जुळवून घेणारी सोय, नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याखेरीज तो टाकू गेल्यास पेटीतून असा आवाज येतो की शेजारचे लोक आपापल्या मुलांना आत बोलावतात. स्टीअरिंग फिरवणे हा आदेश नसून सरकारी कचेरीत दिलेला अर्ज असतो. त्याची पोच ताबडतोब मिळते, कार्यवाही यथावकाश होते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि त्यांच्या तेलाची वाट एकच, त्यामुळे ती कुठेही फुटली तर चारही चाके एकमताने निर्णय घेतात. पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, बाकड्याच्या पाठीमागे असते. वळणावर डोक्यामागे खळखळ ऐकू येते, आणि घरी परतलेल्या धारकाला दारातच प्रश्न विचारला जातो.

“अरे, तू पेट्रोल भरून आलास की अंघोळ करून?”

पावसाची गोष्ट निराळी आहे. त्या काळच्या या गाडीचे वायपर विजेवर नव्हे, तर इंजिनच्या श्वासावर चालतात: इंजिन हवा आत ओढताना नळीत जी पोकळी निर्माण होते तिच्या जोरावर ते हलतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ही पोकळी कमी होते, म्हणजे चढावर, जिथे इंजिनाला जोर लावायचा असतो आणि पुढचे दिसणे अगत्याचे असते, तिथे वायपर मध्येच थबकून विचारात पडतात. उतारावर पाय उचलला की तेच वायपर पाऊस थांबलेला असला तरी उन्मादाने नाचू लागतात. अनुभवी चालक म्हणून भर पावसात चढ लागला की अधूनमधून पाय उचलतो, एकदा रस्ता पाहून घेतो आणि मग पुन्हा आंधळेपणाने पुढे जातो. अशा दिवशी गाडी घरीच ठेवावी असे लवकरच ठरते.

उन्हाळ्याच्या दिवसांत दुसरीच अडचण येते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही आणि गाडी भर चौकात निमूट बंद पडते; याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. यावर अमेरिकेतील परंपरागत उपाय असा की पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावावेत. चिमट्यांनी उष्णता शोषली जाते असे काहीजण मानतात. अधिक संभाव्य स्पष्टीकरण असे की चिमटे शोधून ते एकेक लावेपर्यंत इंजिन आपोआप निवते. महाराष्ट्रात याच रोगावर ओल्या फडक्याचा उपचार रूढ होता. मे महिन्यात खंबाटकीच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट, त्यांच्या पेट्रोल पंपांवर टाकलेले भिजके पंचे, आणि शेजारी दगडावर बसून कलिंगड खाणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना धारकाचे चिमटे पाहून आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते त्याने यासाठी हजारो डॉलर मोजले याचे. सांगलीहून मुलाकडे आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी गॅरेजमधील ती गाडी चहूबाजूंनी न्याहाळली, खाली वाकून पाहिले, आणि सुनेच्या कानावर जाणार नाही अशा बेताने विचारले, “नोकरी ठीक आहे ना रे तुझी?”

“बाबा, ही क्लासिक आहे. हिची किंमत वाढते.”

“अरे, आमची लॅम्ब्रेटा पण तशीच होती. शेवटी घेऊन जा म्हणून भंगारवाल्यालाच पैसे द्यायची वेळ आली.”

पाऊस वजा झाला, कडक उन्हाळा वजा झाला. हिवाळ्यात मिशिगनमध्ये बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्याची तिथे चणचण पडण्याचे कारण नाही, कारण डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून अधिक खोलीवर मिठाची खाणच आहे. मीठ आणि पत्रा यांची गाठ पडू नये म्हणून गाडी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पांघरूण घालून झोपवली जाते. रात्रीही तिला बाहेर काढणे इष्ट नसते, कारण तिची विजेची यंत्रणा आजच्या बारा व्होल्टऐवजी सहा व्होल्टची असून गाडी सिग्नलला थांबली की दिवे असे मंदावतात की समोरच्याला ते विझत आहेत की लागत आहेत याचा अंदाज येत नाही. महामार्गाची मर्यादा ताशी सत्तर मैल आणि धारकाच्या गाडीची सुखाची गती पन्नासच्या आत, तेव्हा महामार्गही गेला. उरतात त्या कोरड्या, सौम्य हवेच्या सकाळी आणि गल्लीबोळातले रस्ते.

तेही कायद्याला फारसे मान्य नाही. पंचवीस वर्षांहून जुन्या वाहनाला मिशिगनमध्ये अल्प शुल्कात ‘ऐतिहासिक’ नंबरपट्टी मिळते, आणि शुल्क अल्प आहे म्हटल्यावर ती न घेणे धारकाच्या संस्कारात बसत नाही. या पट्टीवर वाहन प्रदर्शने, सहली, मिरवणुका आणि यांत्रिक चाचणी यांसाठी चालवता येते. सर्वसाधारण ये-जा करता येत नाही. जुन्या गाड्यांसाठी विमा कंपन्या ज्या खास सवलतीच्या योजना देतात, त्यांतही रोज कामावर जाण्यास सहसा मनाई असते आणि धारकाजवळ वापरायला दुसरी, खरी गाडी असावी अशी अपेक्षा असते. म्हणजे रोजच्या वापरासाठी घेतलेली गाडी रोज न वापरण्याची हमी तो सही करून देतो, आणि त्यामुळे वाचलेल्या पैशांतून नवीन कार्ब्युरेटर मागवतो. दूध आणण्यास निघालेल्या अशा एका धारकाला पोलिसाने थांबवले असता घडलेला संवाद त्या गोटात मोठ्या अभिमानाने सांगितला जातो.

“कुठे निघालात?”

“यांत्रिक चाचणी चालू आहे.”

“आणि हे दूध?”

“चाचणीसाठी वजन.”

मिशिगनच्या कायद्याने मात्र एक उदार पळवाट ठेवली आहे: दरवर्षी ऑगस्टचा संपूर्ण महिना ऐतिहासिक वाहन मुक्तपणे चालवता येते. याच महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची प्रचंड जत्रा भरते, जिथे रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभे राहण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही, कारण कोणते बॉनेट कौतुकासाठी उघडले आहे आणि कोणते नाइलाजाने, हे बाहेरून ओळखता येत नाही. मराठी धारकाच्या बाबतीत या कायद्याला पंचांगाची जोड मिळते. गणेश चतुर्थी २०२५ प्रमाणे ऑगस्टमध्ये आली तर बाप्पाला पिकअपमधून आणण्यास कोणतीच आडकाठी नसते. २०२४ प्रमाणे ती सप्टेंबरमध्ये गेली तर मात्र मंडळाच्या सभेत मिरवणूक काढण्याचा ठराव घाईने मांडला जातो, कारण मिरवणूक कायद्यात बसते. अधिक मासाचा मोटार वाहन कायद्याशी असा थेट संबंध अन्य कोणत्याही देशात आढळणार नाही.

मिरवणुकीचा प्रसंग थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण वर्षभरात हौद्यात काही ठेवले जाण्याची ती एकमेव वेळ. या गाडीच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांच्या मधल्या फटींवर पोलादी पट्ट्या असतात. धारकाने पदरमोड करून तिथे नव्या ओकच्या फळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांना असे व्हार्निश दिलेले असते की त्यांत तोंड दिसावे. परिणामी त्यावर विटा, माती, सायकल, कपाट यांपैकी काहीही ठेवण्यास सक्त मनाई असते. घर बदलणारे मित्र आशेने फोन करतात. “तुझ्याकडे ट्रक आहे ना?” या प्रश्नाला धारक “आहे, पण तसा नाही” असे उत्तर देतो, आणि स्वतःचा सोफा आणायची वेळ येते तेव्हा तो भाड्याचा ट्रक सांगतो. गणपतीला मात्र नाही म्हणता येत नाही. फळ्यांवर आधी गोधडी, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर प्लायवूड, त्यावर पाट आणि त्यावर मूर्ती अशी रचना होते, आणि ढोलपथकामागून गाडी माणसाच्या चालीने निघते. इतक्या संथ गतीत इंजिनाचा पंखा हळू फिरतो, पुढून वारा लागत नाही, आणि रेडिएटरमधले पाणी थोड्याच वेळात उकळू लागते. बॉनेटमधून निघणारी वाफ पाहून लोक प्रथम टाळ्या वाजवतात, कारण ती सजावटीचा भाग असावी असे त्यांना वाटते. मग गाडी बंद पडते, ढोल थांबतात, आणि कार्यकारिणीचे सदस्य, ज्यांचे वार्षिक हिशेबावरून महिनाभर पटत नव्हते, ते खांद्याला खांदा लावून मागून धक्का मारू लागतात. त्या वर्षीच्या स्मरणिकेत हेच छायाचित्र छापले जाते आणि त्याखाली ‘एकजूट’ असे लिहिलेले असते. धारक केबिनमध्ये बसून स्टीअरिंगला अर्ज करीत असतो.

पेट्रोल पंपावरचा मुक्काम हाही या जीवनपद्धतीचा अविभाज्य भाग मानावा लागतो. पंपावर भेटणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या आजोबांकडे “अगदी अशीच” गाडी होती, आणि तिची सविस्तर कथा ऐकल्याखेरीज निघणे असभ्यपणाचे ठरते.

“अगदी अशीच. रंगसुद्धा हाच.”

“कोणत्या सालची?”

“साल आठवत नाही. फोर्ड होती.”

सुटे भाग मिळणे ही अडचण नसते, आणि खरी आपत्ती तीच आहे. या गाड्या एवढ्या संख्येने निघाल्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारे लोक एवढे आहेत की दाराच्या रबरी पट्टीपासून अख्ख्या हौद्यापर्यंत जवळपास सर्व भाग आजही नव्याने घडवून विकले जातात, त्यांचे जाडजूड सूचिपत्र घरी येते, आणि धारक ते झोपण्यापूर्वी वाचतो. काम नेहमी लहान असते. मागचा दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलला, तर कळते की होल्डर गंजला आहे. होल्डर काढताना त्याचा स्क्रू तुटतो. तुटलेला स्क्रू काढताना जुनी तार हाताला लागते आणि तिचे कापडी आवरण पुडीतल्या विभूतीगत खाली सांडते. ते पाहून सबंध वायरिंग मागवले जाते. ते बसवण्यासाठी बाकडे काढावे लागते. बाकडे निघाल्यावर केबिनचा तळ दिसतो, किंबहुना दिसत नाही, कारण त्या जागी गॅरेजची फरशी दिसते. त्या काळच्या जाहिरातींत ही केबिन ‘श्वास घेणारी’ असल्याचा दावा केलेला होता. तो आता सर्व बाजूंनी खरा ठरलेला असतो. दरम्यान दिव्याचा विषय मागे पडतो, आणि धारक रोज सकाळी आपल्या निमूट जपानी मोटारीतून कामाला जातो, जिच्याविषयी त्याच्या तोंडून कधी चांगला शब्द निघालेला नाही.

या अवस्थेत काटकसरीचा विचार पुन्हा डोके वर काढतो. सगळे भाग सुटे घेण्यापेक्षा त्याच सालची, त्याच बनावटीची एक मोडकी गाडी घेऊन तिचे भाग काढून वापरावेत, हे स्वस्त पडते, असे धारक कागदावर आकडे मांडून घरात सिद्ध करतो. तशी गाडी सापडते, टोचन होऊन येते आणि पहिलीच्या शेजारी उभी राहते, आणि मग चुंबक फिरवून पाहता असे आढळते की तो या गाडीच्या अंगावर सगळीकडे चिकटतो. पाय देऊन खटका दाबताच इंजिनही दोनदा खोकून चालू होते. पत्नी चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात येते, दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहते.

“यातली मोडायची कुठली?”

“तेच ठरवतोय.”

“आणि रोज चालवायची?”

“आधी ही ठरू दे.”